चार्ल्सटनच्या वाटेवर

मुलीकडे अमेरिकेत जाऊन आम्हाला महिना झाला होता. तिच्या घरात सगळे दिवसभर लॅपटॉपसमोर, आणि आम्ही दोघं सोफ्यावर. एक दिवस ती म्हणाली, "मम्मा, आप दोनों चार्ल्सटन घूम आओ. बहुत पुराना शहर है. पापा गाडी चला लेंगे." माझी मुलगी चंदीगडला जन्मली, वाढली. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच देते.

ह्यांना गाडी चालवायची हौस. आंतरराष्ट्रीय लायसन्सही काढून आणलेलं. शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. माझी कंबर धरली होती म्हणून मी मागच्या सीटवर आडवी झाले, अंगावर शाल घेतली. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं. आम्ही फारसं बोललो नाही. घरीही बोलत नाही.

वाटेत एका पेट्रोल पंपावर थांबलो. हे कॉफी घेऊन बाहेर आले तेव्हा मी म्हटलं, "अहो, मी बाथरूमला जाऊन येते." ते फोनमध्ये रस्ता बघत होते. "हं," म्हणाले.

मी बाहेर आले तर गाडी नव्हती.

आधी वाटलं, पलीकडे सावलीत लावली असेल. दुकानाला फेरी मारून आले. मग हवा भरायला गेले असतील असं वाटलं. माझी पर्स, फोन, सगळं गाडीत. दुकानातल्या बाईने मला आत बोलावलं, खुर्ची दिली, फोन पुढे केला. आणि मला एकही नंबर आठवेना. ह्यांचा चंदीगडचा नंबर पाठ होता, पण ते सिम काढून मुलीच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेलं. मुलीचा नंबर मी कधी बोटांनी दाबलाच नव्हता, नावावर टिचकी मारायची की लागतो. आठवला तो साताऱ्याच्या आमच्या घरचा जुना लँडलाइन. तो कधीच बंद झालाय. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं मी.

त्या बाईने पोलिसांना कळवलं. एक तरुण, उंच पोलीस आला. टोपी काढून माझ्यासमोर वाकून बसला. नवऱ्याने मुद्दाम सोडलं का, भांडण झालं होतं का, असं विचारलं.

"नाही," मी इंग्रजीत म्हटलं, "ते विसरले."

त्याने वहीत काहीतरी लिहिलं. मग हळू आवाजात विचारलं, "घरी तुम्ही सुरक्षित आहात ना?"

या प्रश्नाला पटकन हो म्हणायचं असतं. ह्यांनी कधी हात उचलला नाही, शिवी दिली नाही. तरी हो म्हणायला मला वेळ लागला, आणि तो त्याने पाहिला. मला लाज वाटली. का वाटली, हे आजही नीट सांगता येणार नाही.

हे परत आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ते थेट चार्ल्सटनला पोहोचले होते. हॉटेलच्या दारात गाडी लावली, "उतर आता" म्हणाले, मागचं दार उघडलं, तर शाल आणि पर्स. तिथून उलटे फिरले. गाडीतून उतरताना त्यांचं पहिलं वाक्य होतं, "सांगून जायचं नाही का?"

"सांगितलं होतं."

"मला कसं ऐकू येणार? मी रस्ता बघत होतो." मग पोलीस दिसला तसे ते हसले, त्याच्याशी हात मिळवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहर पाहिलं. पिवळी, गुलाबी, फिकट निळी घरं, घोडागाड्या, समुद्राकाठची जुनी झाडं. एका व्यापाऱ्याच्या हवेलीत गाइडने पुढचे दिवाणखाने दाखवले आणि मग मागे नेलं, जिथे गुलाम राहायचे, रांधायचे. भिंतीवर घंटा होत्या. प्रत्येक खोलीच्या घंटेचा आवाज वेगळा, म्हणजे कुठे धावायचं ते न सांगता कळावं. "डोकं चालवलंय हं," हे म्हणाले. मी बाहेर अंगणात येऊन उभी राहिले. त्या माणसांच्या दुःखाशेजारी माझं काही मांडणं निलाजरेपणाचं झालं असतं. पण तिथे उभं राहून मला रडू आलं, एवढं खरं. ह्यांना वाटलं कंबर दुखतेय. समुद्राकाठी त्यांनी माझे खूप फोटो काढले. "हस ना जरा."

चंदीगडला परतल्यावर दिवाळीत इथल्या मराठी मंडळींचा फराळ होता. सगळे बदल्यांवर आलेले नाहीतर हॉस्पिटल-युनिव्हर्सिटीतले, वर्षातून चार वेळा भेटणारे. कुणीतरी अमेरिकेचं विचारलं आणि हे सुरू झाले. "आमच्या सौभाग्यवतींना पेट्रोल पंपावर विसरून आलो!" सगळे खो खो हसले. पंचवीस वर्षांच्या ओळखीच्या बायकाही. "म्हटलं, आज गाडी हलकी का पळतेय!"

मी म्हटलं, "पुढचं सांगा ना. कधी लक्षात आलं ते."

"अगं, गंमत चाललीय."

मग मीच सांगितलं. की हे मुक्कामाला पोहोचले, गाडी लावली, तोवर कळलं नव्हतं. एवढ्या वाटेत एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं की हाक मारली नव्हती. पोलिसाने काय विचारलं, तेही सांगितलं. हसणं थांबलं. यजमानीण चिवड्याचं ताट घेऊन फिरायला लागली.

घरी जाताना सेक्टर १७च्या सिग्नलला हे म्हणाले, "चारचौघांत माझी शोभा केलीस."

मी विचारलं, "तेवढा वेळ मी नव्हते, तर काही वेगळं वाटलं नाही?"

त्यांनी थोडा विचार केला. खोटं बोलत नाहीत ते, हा त्यांचा गुण आहे. "खरं सांगू? रस्ता फार छान होता."

मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मम्मा, पापा तो ऐसे ही हैं. Let it go, यार."

त्या हिवाळ्यात मी मनीमाजऱ्यातल्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणारे सरदारजी, माझ्याहून लहान, क्लचवर ओरडायचे आणि लगेच "सॉरी जी" म्हणायचे. आता मी एकटी गाडी घेऊन भाजीला जाते, तळ्यावर जाते. ह्यांनी कधी शेजारी बसून पाहिलेलं नाही.

यंदा मुलीने पुन्हा बोलावलं. हे दोन तिकिटं काढायला निघाले, मी म्हटलं एकच काढा. ते चिडले नाहीत, घाबरले. "आणि माझं तिथे सगळं कोण बघणार?"

"मुलगी आहे."

ते गेले. बॅग मीच भरून दिली. पोहोचल्याचं मुलीने कळवलं. दोन-तीन दिवसांनी ह्यांचा फोन आला. मी हॅलो म्हणायच्या आत म्हणाले, "बीपीच्या गोळ्या कुठे ठेवल्यायस?"

"निळ्या बॅगेत, बाहेरच्या कप्प्यात, रुमालांखाली."

चेन उघडल्याचा आवाज आला. "सापडल्या," म्हणाले, आणि फोन ठेवला.