दोष चेनचा नव्हता

मला पदवीपर्यंत पोचवलं ते गजानन मामांनी. इंजिन बसवलेली त्यांची सायकल आता मी चालवतो. आज ऑफिससमोर तिची चेन पुन्हा उतरली. शेजारच्या टेबलावरचे जोशी हसले, “अहो पदवीधर, भंगारात घाला ती! शोभते का तुम्हाला?”

घरी येऊन मागचं चाक हळूहळू फिरवून पाहिलं. चेन एका जागी ताणली जायची, दुसऱ्या जागी लोंबायची. चाकाच्या आऱ्यांना बोल्टनं जोडलेलं इंजिनचं दातेरी चक्रच मधोमध बसलेलं नव्हतं आणि बोलणी मात्र चेन खात होती. गावच्या शाळेतून आलेल्या आम्हा पोरांनीही अशी किती खाल्ली! बोल्ट सैल करून मी चक्र मधोमध आणलं आणि पुन्हा घट्ट आवळलं.

मग पत्र लिहिलं: “मामा, सायकल भंगारात घालणार नाही. उद्या तिच्यावरूनच जाईन आणि ऑफिसच्या दारातच लावीन.”