मडगार्डातला चिखल

मानवतच्या पेठेत बसप्पा लुगडेवाल्याला सगळेच ओळखत, पण खरं सांगायचं तर लोक ओळखत ते त्याच्या सायकलीला. निजामाच्या अमलात, दुसरं मोठं युद्ध सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधी, त्यानं ती हैदराबादहून आगगाडीनं मागवली होती. कॅरिअरवर लुगड्यांचं गाठोडं आवळून तो थेट जिंतूरपर्यंतचे आठवडी बाजार करायचा. सायकलीवर त्याचा एवढा जीव, की बायको गंगम्मा आल्यागेल्याला सांगायची, "सवत आणली असती तर चार भांडी तरी घासली असती. ही उलटी ह्यांच्याकडून घासून घेती."

त्यात खोटं काही नव्हतं. बसप्पा बाजारातून आला की पोटात कावळे ओरडत असले तरी आधी सायकल. चिखल खरवडायचा, चाकं पुसायची, साखळी रॉकेलनं धुवून तिला तेल द्यायचं. मग आंघोळ, मग तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा, आणि मग जेवण. लिंगायताचं घर ते. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग पाळण्यात असताना बांधलेलं. ते अंगावर नसेल तर पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, हा घरचा शिरस्ता.

एका बाबतीत मात्र बसप्पाची अक्कल शेण खायला जाई. पावसाळा लागला की तिकडचे सायकलवाले मडगार्ड काढून ठेवत, कारण काळी माती मडगार्डात अशी ठासते की चाक जागचं हलत नाही. बसप्पाची मडगार्डं चकचकीत होती. ती काढली की सायकल बोडकी दिसते म्हणे! म्हणून ती बारा महिने जागच्या जागी.

त्या भादव्यात जिंतूरचा बाजार उरकून तो परत निघाला आणि सेलूच्या पुढं झड लागली. वारा समोरून, पाऊस तिरपा. मानवत चार कोसांवर आलं आणि सडक सोडून गाडीवाट सुरू झाली. दहा पावलं गेलं की चाक गच्च. शेवटी सायकल धन्याच्या खांद्यावर बसली, आणि धनी गुडघाभर चिखलातून चालू लागला.

ओढ्याच्या काठी दगडाबाई गवत कापत होती. जवळच्याच खेड्यात गावकुसाबाहेर तिची वस्ती. बसप्पाची ही अवस्था बघून ती आधी पोट धरून हसली, मग विळा कमरेला खोचून पुढं आली. "बसप्पा मालक, सायकलीवर तुमी बसायलाव का तुमच्यावर सायकल?" असं म्हणत तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि ओढ्यापलीकडं नेऊन ठेवलं. पलीकडं बसप्पानं काठीनं मडगार्डातला चिखल उकरून ढीग घातला. पुढची वाट मुरमाची होती. तो सायकलीवर बसला आणि दिवस बुडायच्या आत घरी आला.

नेहमीप्रमाणं सायकल पुसली आणि तो आंघोळीला बसला. हात छातीवर गेला तो तिथंच थांबला. दोरा नव्हता. डबी नव्हती.

"गंगे," त्यानं हाक मारली, "लिंग गेलं गं."

गंगम्मानं कपाळाला हात लावला नाही, रडारड केली नाही. अंगणातला खरवडलेला चिखल परातीत भरला आणि पीठ चाळायच्या चाळणीत पाणी घालून मूठमूठ धुवून पाहिला. बसप्पानं सायकल सुटी केली. दोन्ही मडगार्डं, साखळी, सीट, सगळं ओट्यावर मांडलं. खांद्यावर घेतलेल्या सायकलीच्या नळीनं घासून दोरा तुटला होता, हे त्याच्या ध्यानात आलं. गळ्यावर तसा वळ होता. मठातले स्वामी येऊन म्हणाले, "बसप्पा, दुसरं लिंग बांधतो, पाणी तर पी." बसप्पानं नाही म्हणून मान हलवली. जन्मभर सोबत आलेलं चिखलात टाकून दुसरं कसं घ्यायचं? रात्र तशीच गेली. गंगम्मानंही चूल पेटवली नाही. पाण्याची घागर तिनं भरून ठेवली होती, पण त्यातला घोट तिनंही घेतला नाही.

सकाळी ओढ्यावर जायचं म्हणून तो सायकल जोडायला बसला. एक नट धड बसेना. पहिल्यांदाच त्याला त्या सायकलीचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. चकचकाटापायी देव घालवला मी, असं तो स्वतःशीच म्हणाला आणि पाना खाली ठेवून लहान पोरासारखा रडला.

तेवढ्यात अंगणाच्या कडेला कुणीतरी खाकरलं. दगडाबाई उभी होती, ओढा ओलांडताना कमरेपर्यंत चिखलानं माखलेली, डोक्यावर टोपली. तिनं टोपली उतरवून लांबूनच पुढं सरकवली. टोपलीत हाताएवढा चिखलाचा गोळा होता आणि त्यातून चांदीची कड दिसत होती.

"काल तुमच्या ढिगात चमाकलं," ती म्हणाली. "तुमचा देव हाय हे वळखलं. म्या हात लावला न्हाई बगा. इळ्यानं चिखलासकट उचललं. रातच्याला टोपलीखाली झाकून ठिवलं आन् झुंजुमुंजूला निघाले."

म्हणजे जवळजवळ चार कोस, त्या वाटेनं, पायी. बसप्पानं गोळा उचलून छातीशी धरला. मग डबी धुतली, लिंग तळहातावर घेतलं, पूजा केली. गंगम्मा घागरीतून तांब्या भरून घेऊन आली. दगडाबाई अंगणाच्या कडेलाच ओंजळ करून बसली होती. लिंगायत कितीही समतेचं बोलोत, तिच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचं, ही गावाची रीत. बसप्पानं तांब्या तिच्या हातात दिला.

"अगुदर तुमी," तो म्हणाला.

"मालक, तुमी कालपासनं..."

"प्या म्हन्लं ना."

ती प्याली. अर्धा तांब्या एका दमात. आणि मग तो तांब्या खाली कुठं ठेवावा हे तिला कळेना.

गंगम्मा, जिच्या सोवळ्याला सगळी पेठ वचकून असे, दोन पावलं पुढं गेली. "माझ्याबी घशाला कोरड पडलीय, दगडाबाई," ती म्हणाली, तिच्या हातातून तांब्या घेतला आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.