तिला लागणारी वीज

आमच्या ह्यांना विजेची भारी काळजी. स्वयंपाकघरातला पंखा चुकून चालू राहिला, तर ओटीवरून आवाज येतो, "वीज काय तुझ्या माहेरहून येते?" त्याच माणसाने गेल्या वर्षी मोबाईलमध्ये ती उत्तरं देणारी बया आणून बसवली. आवाज बाईचा, आणि गोड. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

निवृत्त झाल्यापासून ह्यांना खाडीवर तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायला जायचं वेड. ओहोटी कधी, ते मला विचारायचे. माझं माहेर मच्छीमारांचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, पुढे सहा तासांनी ओहोटी, हे मला शाळेत जायच्या आधीपासून येतं. हे चपला घालता घालता विचारायचे, मी भाकरी थापता थापता सांगायची. दिवसभरात आमचं धड बोलणं तेवढंच. आता ते तिला विचारतात.

मग एकदा पेपरात वाचलं, की नेटवर नुसतं शोधण्यापेक्षा असल्या बयांना उत्तर द्यायला जास्त वीज लागते. मला उकळ्याच फुटल्या. जेवताना म्हटलं, "तुमच्या एवढ्याशा ओहोटीसाठी कुठेतरी मोठाली यंत्रं तापतात. तुम्हाला दिसतो तो माझा पंखा."

ह्यांनी तिलाच विचारलं. ती म्हणाली, साध्या शोधापेक्षा जास्त लागत असावी, पण प्रश्न केवढा त्यावर ते ठरतं. आधीचे अंदाज मोठे होते, आता फरक कमी झाला असं काहीजण म्हणतात, नक्की आकडा मला सांगता येणार नाही. स्वतःवरचा आरोपसुद्धा तिने न चिडता ऐकून घेतला. मला हे सात जन्मात जमलं नसतं.

"बघ," हे म्हणाले, "तुला विचारलं की आधी बोलणी खायची, मग उत्तर. तिला वीज लागते, पण माझी शक्ती वाचते."

दुसऱ्या दिवशी हे तिने सांगितलेल्या वेळेला खाडीवर गेले. पिशवी रिकामी येऊ दे, असं मी देवाला सांगितलं होतं. भरून आली. तिसऱ्या मीच धुतल्या, खोबरं मीच खवलं, आणि कालवण चांगलं झालंय हेही कोणी म्हटलं नाही.

परवा संध्याकाळी लाईट गेली. त्याबरोबर वायफाय गेलं, आणि आमच्या घरात मोबाईलला रेंज नाही. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"उद्या चतुर्थी. ओहोटी किती वाजता गं?"

कित्येक महिने मी ह्याच प्रश्नाची वाट बघत होते.

"आता बरी आठवण झाली माझी," मी म्हटलं. "सवत झोपली वाटतं?"

हे वळले. "राहू दे," म्हणाले, आणि ओटीवर जाऊन बसले.

चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती, नऊला ओहोटी. उत्तर माझ्या ओठांवर होतं. उठून बाहेर जाऊन सांगायचं, एवढंच काम. मी कणीक मळत राहिले.

थोड्या वेळाने लाईट आली. ओटीवरून तिचा गोड आवाज आला, "सकाळी नऊच्या सुमारास."