अजून वाढलं नाही

फोन नानांच्या घरून, अक्कांचाच होता. "भाऊ, नाना..." एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या. मी इकडे जळगावला हातात चहाचा कप धरून उभा. पुढचं वाक्य आलंच नाही... येणार तरी कुठून? अक्कांच्या घरात कधी काही संपत नाही. तेल संपत नाही, मीठ संपत नाही, दिवाळीचा फराळसुद्धा संपत नाही. सगळं 'वाढतं'. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. तसं त्यांच्याकडे सगळ्याच बाबतीत. नानांसाठी मात्र त्यांना शब्द सापडेना. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "येतो."

नाना भडगावचे. वडिलांचं किराणा दुकान, आणि रोज संध्याकाळी ते दुकान बंद न करता 'वाढवायचं', हे बाळकडू. आमची ओळख झाली ती मात्र गिरणेच्या काठी नाही, गुजरातच्या किनाऱ्यावर, एका बंदरात. तिथे तेलं साठवायच्या मोठाल्या टाक्या होत्या. आतल्या मुलखातून रेल्वेने एरंडेल यायचं, ते वॅगनमधून टाक्यांत उतरवायचं आणि मग जहाजात भरायचं. नाना उतरवणाऱ्यांचे मुकादम, मी पाइप आणि पंपांचा इंजिनीअर. परमुलखात गाववाला भेटला की माणूस गळ्यात पडतो. आमचं पहिल्याच दिवशी भांडण झालं. पंप नुसती हवा ओढत होता, आणि हा माणूस वॅगनखाली उकिडवा बसून नळी काढू देईना.

"नाना, झाली की रिकामी!"

"निथळू द्या भाऊ. एरंडेल शे ते, पाणी नही."

लहानपणी नाक दाबून पाजलेल्या त्या चिकट तेलाबद्दल मला तसाही फारसा जिव्हाळा नव्हता. पण नानांपुढे कोणाचं चाललंय! उरलंसुरलं सगळं येऊन गेलं की ते हात वर करून ओरडायचे, "वाढली!" बघता बघता बिहारी, ओडिया पोरंही तसंच ओरडायला लागली. नवीन आलेले एक पुण्याचे साहेब ते ऐकून घाबरले. "अजून वॅगन वाढली? ठेवायची कुठे?" म्हणाले.

साहेबांची भीती खोटी नव्हती, जागा खरंच कमी होती. आमच्या लाइनीवर एका वेळी अर्धीच गाडी मावायची. ती उतरवायची, इंजिनाने ती ओढून न्यायची, मग उरलेली अर्धी आणून लावायची. रेल्वेने दिलेला वेळ त्या ओढाताणीतच जायचा, रेल्वे आमच्या मागे लागायची आणि मी नानांच्या. शेवटी दुसरी लाइन टाकायचं ठरलं: पूर्ण गाडी एकदम उभी राहील, सगळ्या वॅगनना एकाच वेळी नळ्या लागतील. मी नकाशे पसरून क्षमता किती वाढेल ते समजावत होतो. नानांनी त्यातलं आपल्या कामाचं तेवढं उचललं. "म्हंजे बठ्ठ्या वॅगनी एकसंगे निथळतीन. मंग कोनले घाई नही!" त्या माणसाला एवढा खूश मी कधी पाहिला नव्हता.

पण भडगावला अक्का बसल्या होत्या. सासू-सासऱ्यांचं सगळं त्यांनी एकटीने केलं होतं. नानांची निवृत्ती होऊन गेली तरी नव्या लाइनीसाठी त्यांनी मुदतवाढ घेतलेली. लाइन सुरू झाली की घरी, असा शब्द दिला होता. "आते आखो मुदत लिधी ते घरले कुलूपच दिखी," अक्कांनी फोनवर बजावलं होतं. परत मुदत घेतली तर त्या घरात नसणार. अक्का बोलतात त्या करतात. नाना वाघासारखे होते खरे, पण बंदरात.

नवी लाइन सुरू झाली त्या दिवशी रुळापाशी नारळ वाढवला. पूर्ण गाडी लागली. सगळं तेल उतरलं, निथळलं, शेवटच्या वॅगनपाशी पोरांनी आरोळी ठोकली. साहेबांनी अजून थोडे दिवस थांबा म्हणून गळ घातली, नानांनी हात जोडले. मग मोठ्या उमाळ्याने घरी फोन लावला आणि म्हणाले, "काम वाढनं!" पलीकडून फोन कट. नेटवर्क गेलं असेल, असं आम्हाला वाटलं.

मी रजेवर निघालोच होतो, म्हणून सुरतेहून ताप्ती लाइनच्या रेल्वेगाडीने एकत्र आलो. त्यांचं सामान फार म्हणून भडगावपर्यंत सोबत गेलो. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, अक्का मुक्ताईनगरला बहिणीकडे गेल्या, कधी येतील सांगितलं नाही. नाना ओट्यावर बसले. त्या 'वाढनं'चा काय घोळ झाला ते आधी माझ्या लक्षात आलं आणि मला हसू आवरेना. नाना हसले नाहीत. "भाऊ, तिले वाटनं, मी तिले फसाडं," म्हणाले. त्यांचा चेहरा पाहून माझंही हसू गेलं.

फोन त्या उचलत नव्हत्या. तशीच एसटी धरून आम्ही मुक्ताईनगर गाठलं. अक्का अंगणात तूर पाखडत होत्या. सुपावरून नजर न उचलता म्हणाल्या, "उनात का परत? काम तर वाढनं ना तुम्हनं?" नाना उभेच. दुकानदाराचा पोरगा, जन्मात कधी जिभेवर न आणलेला शब्द... दोनदा घसा खाकरला आणि म्हणाले, "संपनं. काम संपनं वं."

सूप थांबलं. अक्कांनी वर पाहिलं. "असं अभद्र बोलू नका!" त्या खेकसल्या आणि पदराने डोळे पुसत हसायला लागल्या.

त्यानंतरची वर्षं भडगावात सुखाची गेली. मी जाई तेव्हा खिचडी ठरलेली, वर कच्च्या तेलाची धार. नानांनी स्वयंपाकघरातही आपलं खातं उघडलं होतं. तेलाची पिशवी रिकामी झाली की कोपरा खाली करून बरणीच्या तोंडावर चिमट्याने टांगायची, आणि कोणी हात लावायचा नाही. अक्का कुरकुरायच्या, "बंदर घर उचली लयनात." शेवटच्या दुखण्यात नानांचं बोलणं कमी झालं, तरी खाटेवरून त्यांची नजर त्या बरणीवर असे. मला त्यांची आठवण येते, फार येते... आणि भांडायला आता कोणी नाही, याचा रागही येतो.

परवा भडगावला गेलो होतो. अक्कांनी खिचडी वाढली. मी बरणी पुढे ओढली तर वर पिशवी टांगलेली, नानांच्याच चिमट्याने. सुरकुतलेली, पार कोरडी. त्यांनी लावली त्याला कितीतरी आठवडे झाले असणार. मी ती काढायला हात पुढे केला.

"राहू द्या भाऊ," अक्का म्हणाल्या. "आजून वाढनं नही."

मी हात मागे घेतला आणि जेवायला लागलो.