घराण्यातला कुत्रा

माझे आजोबा सहदेव परुळेकर मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि गावातल्या सोयरिकी जुळवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. सगळे त्यांना आबा म्हणत. आबा मुलगा कधी बघत नसत, घराणं बघत. मूळ गाव, कुळदेवता आणि आजोळ कळलं की मुलाचा स्वभाव त्यांना घरबसल्या कळे. त्यांनी जुळवून दिलेल्या दोन मुली वर्षाच्या आत माहेरी परत आल्या. आबा म्हणाले, "घराणी उत्तमच आहेत. माणसांचा काय भरवसा?"

असा हा जाणकार माणूस १९५५ साली कुत्रा निवडायला निघाला. वडील मुंबईला नोकरीला. मालवणजवळच्या आमच्या घरात आबा, माझी आई सरला आणि पाच वर्षांची मी, दुर्गा. राखणीला कुत्रा हवा, असं आईनं म्हटलं होतं. रेडीच्या खाणीवरचा एक साहेब बदली होऊन चालला होता आणि त्याला आपले दोन कुत्रे कुणाला तरी देऊन टाकायचे होते. एक अल्सेशियन, माझ्या आईच्या कमरेला लागेल एवढा. दुसरा पांढरा पामेरियन, उशीएवढा.

आबांनी साहेबाला पहिला प्रश्न केला तो कुत्र्यांच्या आईबापांविषयी. साहेबाला गंमत वाटली असावी. त्यानं पामेरियनच्या वंशावळीचा कागदच काढून दिला. तो आबांनी घरी आणून पंचांगात घडी घालून ठेवला. "याच्या जातीला विलायतेत राण्या मांडीवर घेतात," ते आईला म्हणाले. "आणि हा दुसरा लांडग्याच्या कुळातला. आज ना उद्या रक्त बोलणारच." दोन्ही नेत असाल तरच देतो, असं साहेब म्हणाल्यामुळे दुसराही बरोबर आला होता. राखणीसाठी मांडीवरचा कुत्रा ठेवून आबांनी राखणीचा कुत्रा फुकट वाटायला काढला. कुणी घेईना.

शेवटी तो गंगूनं नेला. गंगू मासे विकायची, समुद्राकाठी एकटीच राहायची. तिनं घराणं विचारलं नाही. एवढंच विचारलं, "मासे खातलो मा?" आणि त्याचं नाव ठेवलं बाबू. आमच्याचं नाव साहेबानं ठेवलेलं होतं, प्रिन्स.

प्रिन्स पहिल्या वर्षात पोस्टमनला चावला, मग शेजारच्या भिकाजीला, मग आईला दोनदा. आबांनी दर वेळी चौकशी केली आणि दर वेळी दोष चावून घेणाऱ्याचा निघाला. पोस्टमनची चाल चोरासारखी. भिकाजीचा आवाज मोठा. आई ओल्या हातानं जवळ गेली. "खानदानी जनावर आहे, त्याला अपमान सोसत नाही," आबा म्हणायचे. बाबूच्या नाकासमोरून मांजरं बांगडे पळवायची आणि तो दुसरीकडे तोंड फिरवायचा. आम्ही पोरं त्याच्या पाठीवर बसायचो, त्याचे कान ओढायचो. तरी मोठी माणसं त्याला बघून पाणंद सोडून कुंपणाला चिकटून चालायची, कारण लांडग्याचं कूळ आबांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं.

पुढच्या माघात एका सकाळी आई विहिरीवर होती आणि आबा ओटीवर पान लावत होते. प्रिन्स दूधभात खात होता. मी त्याच्या ताटलीत पडलेली माशी काढायला हात घातला आणि त्यानं माझा गाल धरला. आबांनी बघितलं. पानाला चुना लावता लावता त्यांचा हात थांबला, तो मला अजून दिसतो. मी किंचाळले. तेवढ्यात मागच्या दाराला मासे घेऊन आलेल्या गंगूचा बाबू धावत आला आणि माझा गाल चाटायला लागला. माणसं गोळा झाली तेव्हा त्यांना दिसलं ते एवढंच: रडणारी पोर, आणि तोंडाला रक्त लागलेला मोठा कुत्रा.

आबांनी एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले, "मी सांगितलंच होतं."

गालाला तीन टाके पडले. भिकाजीनं रानडुकरांची बंदूक पुसून ठेवली. गंगू बाबूच्या गळ्यात हात घालून बसली आणि म्हणाली, "देवाक इचारा. देव सांगात तर मारा."

आता आमच्या गावात झाडाची फांदीसुद्धा कौलाशिवाय तुटत नाही. गाव देवळात जमलं. पुजारी दत्ताराम गुरवानं देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. मग गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या चेडवाक गंगूचो कुत्रो चावलो आसात, तर उजवो कौल दी!"

"व्हय म्हाराजा!" गाव ओरडलं.

डावं पडलं.

"फूल जास्त ओलं होतं," आबा म्हणाले. कचेरीत ते अर्जदारांना अशाच कारणांनी परत पाठवत असावेत. "पुन्हा विचारा."

पुन्हा विचारलं. पुन्हा डावं.

दत्तारामनं तिसरं फूल हातात घेतलं आणि तो आबांकडे वळला. "आबानू, आता इचारूचा तर दुसऱ्या कुत्र्याचा नाव घेवक व्हया. घेव?"

गावात कुत्रे पुष्कळ होते, पण आमच्या अंगणात दुसरा एकच होता. आबा फुलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "राहू दे. देवाला किती तसदी द्यायची?"

गाव काय ते समजलं आणि शिष्टाचारानं गप्प बसलं. बाबू सुटला. आबांचं धोतर धरून, गालाला पट्टी लावून मी तिथंच उभी होते. सगळ्यांनी देवाला विचारलं. मला कुणी विचारलं नाही. बाबूला जीवदान मिळालं, पण त्या न विचारलेल्या प्रश्नाचा राग मी आबांवर कितीतरी वर्षं धरला. प्रिन्स आबांच्या मांडीवर म्हातारा होऊन मेला. बाबू त्याच्या आधीच गेला. गंगूनं त्याला माडाखाली पुरलं, आणि परगावचा माणूस माझ्या गालाबद्दल विचारी तेव्हा आबा "गंगूचा अल्सेशियन" असंच सांगत राहिले.

१९६९ साली मला बघायला कुडाळहून मंडळी आली. घराणं अर्थातच आबांनी तपासलेलं. मुलाच्या आईनं माझा गाल निरखला. "हे काय झालं?"

मी आबांकडे बघितलं. मागच्या दाराशी गंगू टोपली उतरवत होती. आबा तोवर ऐंशीचे झाले होते. त्यांनी दोनदा घसा साफ केला.

"आमच्याच कुत्र्यानं केलं," ते म्हणाले. "मीच आणला होता. घराणं बघून. चावला तेव्हा मी समोर होतो, आणि नाव दुसऱ्याचं सांगितलं."

मंडळींना यातलं काही कळलं नाही. मी चहाचे रिकामे कप उचलून स्वयंपाकघरात गेले आणि तिथं मला रडू आवरेना. गंगू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं पदरानं डोळे पुसले.

"पडलो गो बाय," ती म्हणाली, "पडलो एकदाचो तिसरो कौल."