शपथेचं भाषांतर

परवा व्हिडिओ कॉलवर मी फोन घेऊन गॅलरीत गेले, तुम्हा दोघांना समोरच्या इमारतीवरचे झेंडे दाखवायला. प्रत्येक कठड्याला एकेक झेंडा होता. आपल्या कठड्यावर फक्त ओलं पायपुसणं. तेव्हा तू विचारलंस, "आजी, तू का नाही लावलास? आजोबांना आमचा झेंडा आवडला नव्हता, म्हणून तुला आता कुठलाच नको का?" तुझा धाकटा भाऊ मागून म्हणाला, "आजोबांनी आमच्याशी कट्टी घेतली होती. म्हणून ते फोनवर यायचेच नाहीत."

मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं.

म्हणून हे लिहून पाठवते आहे. बोलायला बसले असते तर मी पुन्हा काहीतरी गॅसवर ठेवलं असतं. तुला मराठी सावकाश वाचता येतं. अडेल तिथे बाबाकडून वाचून घे. एक-दोन ठिकाणी तो थांबेल. थांबू दे.

आजोबांचं लहानपण गिरगावात, फणसवाडीतल्या एका चाळीत गेलं. पंधरा ऑगस्टला चाळीच्या चौकात झेंडा फडकायचा आणि तो बांधायचं काम त्यांच्या वडिलांकडे असायचं. झेंड्याची घडी घालायची, आत फुलांच्या पाकळ्या ठेवायच्या आणि वरून अशी गाठ मारायची की वर जाताना ती सुटता कामा नये, पण खालून एक झटका दिला की लगेच सुटली पाहिजे. ही गाठ आजोबा वडिलांकडून शिकले. पुढे कॉटन ग्रीनच्या गोदामात नोकरीला लागल्यावर तिथेही त्यांनीच बांधली, आणि आमच्या ह्या दादरच्या इमारतीत तर चाळीस वर्षं. संध्याकाळी झेंडा उतरवायलाही तेच. एकदा परळला एका बारशाच्या पंगतीतून अर्ध्यावर उठले होते, सूर्य मावळेल म्हणून. मला फार संकोचल्यासारखं झालं होतं. त्यांच्या लेखी झेंडा हे अंगावर घेतलेलं काम होतं, आणि अंगावर घेतलेलं काम वेळेत व्हायला हवं.

काही वर्षांपूर्वी घरोघरी झेंडे लावायची पद्धत सुरू झाली. हिंदमाताच्या दुकानांतल्या बाहुल्यांना तिरंगी काठाच्या साड्या नेसवू लागले आणि आमच्या इमारतीचे सेक्रेटरी एक दिवस झेंड्यांचा गठ्ठा घेऊन वर आले. सेक्रेटरी म्हणजे तळमजल्यावरचे, बँकेत आहेत ते. चौदा एप्रिलला आपल्याकडे खिरीचा डबा येतो तो त्यांच्याच घरून. वयानं तुमच्या बाबाहून लहान.

"काका, सगळ्या बिल्डिंगमधे तुमचीच गॅलरी बोडकी दिसते. फोटो काढायचाय."

"झेंडा काय कठड्यावर वाळत घालायची वस्तू आहे?" आजोबा म्हणाले. "आणि रात्री? पावसात? तसाच लोंबत ठेवणार?"

"आता नियम बदललाय, काका. रात्रीपण चालतो."

"नियम बदलला असेल. मी नाही बदललो."

"तुम्ही ना, काका..." ते हसले. मग एकदम गंभीर झाले. "एक विचारू? तुमच्या त्या चाळीच्या चौकात माझ्या आज्याला कोणी दोरीला हात लावू दिला असता? नाही ना? मग मला माझ्या कठड्याला लावू द्या, हवा तसा. माझा आहे तो."

मी चहा टाकायचं निमित्त करून आत गेले. आतून मला ऐकू आलं, "लाव. पण संध्याकाळी उतरव."

"उतरवतो की. नाही उतरवला तर तुम्ही वरून बोंब माराल, माहितीये मला."

आणि आजोबा दर वर्षी खरंच वरून हाक मारायचे. स्वतःच्या कठड्याला मात्र त्यांनी कधी लावला नाही.

आता तुमच्या झेंड्याचं.

गेल्या वर्षी एप्रिलात बाबानं फोटो पाठवला. मोठं सभागृह, बाबा कोटात, आणि पुढे तुम्ही दोघं, हातात लाल पानाचे छोटे झेंडे. बाबाला कॅनडात चौदा वर्षं झाली होती आणि त्या दिवशी त्यानं तिथल्या नागरिकत्वाची शपथ घेतली होती. तुम्ही तिथेच जन्मलात, त्यामुळे तुम्हाला शपथ नव्हती, नुसते झेंडे. आजोबांनी चष्मा लावून फोटो पाहिला. ते काय म्हणाले ते मी शब्दशः लिहिते, कारण तुम्हा दोघांना तेच ठाऊक असायला हवं. ते म्हणाले, "धाकट्यानं झेंडा बघ किती सरळ धरलाय. कोणी शिकवलं असेल?"

झेंड्यावरून ते रागावले नव्हते. राग आला तो नंतर, आणि तो माझ्यामुळे आला.

फोटोबरोबर बाबानं शपथेचा कागदही पाठवला होता. आजोबांचं इंग्रजी कामापुरतं. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेलं. त्यांनी विचारलं, "काय लिहिलंय गं?" मला म्हणता आलं असतं की देशाचे कायदे पाळीन वगैरे, नेहमीचंच. ते खोटंही ठरलं नसतं. खाली तसं आहेच. पण मला वगैरे म्हणून पुढे जाता येत नाही. मी पहिल्यापासून, एकेक शब्द घेत, भाषांतर करून सांगितलं. मी राजाशी इमान राखीन. त्याच्याशी, त्याच्या वारसांशी आणि त्याच्यानंतर गादीवर येणाऱ्यांशी खरी निष्ठा बाळगीन.

"कुठला राजा?"

"त्यांचा. म्हणजे इंग्लंडचाच."

तो 'च' मी का लावला, कोण जाणे. त्याची काही गरज नव्हती. कायद्यानं तो कॅनडाचा राजा म्हणून वेगळा धरतात, हेही मला माहीत होतं. ते मी सांगितलं नाही.

आजोबांनी चष्मा काढून ठेवला. "ह्याच्याच आज्याच्या पोलिसांनी माझ्या बापाला झोडपला होता," ते म्हणाले. "गिरगावात. भर रस्त्यात. घरी आणला तेव्हा पाठ टेकवता येत नव्हती त्याला."

त्या रविवारी बाबाचा व्हिडिओ कॉल आला. स्पीकर सुरू होता. आजोबा म्हणाले, "देश बदललास, राजा आणलास. आता बापही दुसरा शोध."

"बाबा, अहो, तो एक कागद आहे. मुलांसाठी, कामासाठी... माझ्या मनात काय आहे ते तुम्हाला माहितीये ना?"

"शपथ म्हणजे कागद नव्हे," असं म्हणून ते उठून आतल्या खोलीत गेले. त्या वेळी तू बाबाच्या शेजारी चित्रं रंगवत बसली होतीस. मला तुझा हात दिसत होता. खडू थांबला.

त्यानंतर दर रविवारी मी तुम्हाला सांगत आले, आजोबा झोपलेत. चार महिने. ते झोपलेले नसायचे. आतल्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसलेले असायचे. बाहेरचं बोलणं आत स्वच्छ ऐकू जातं. तुझा गणिताचा पेपर, धाकट्याचा पडलेला दात, सगळं त्यांना ठाऊक असायचं. रात्री जेवताना मला विचारायचे, "उशीखाली ठेवला का दात त्यानं?"

चार पावलं चालून फोन आत नेणं माझ्या हातात होतं. मी नेला नाही. बाप-लेकाचं भांडण आहे, गणपतीपर्यंत निवळेल, असा मी हिशेब धरला होता. प्रत्येक गोष्ट आपल्या वेळेला होते, ह्यावर माझा नको इतका विश्वास आहे.

ऑगस्टच्या तेरा तारखेला सकाळी आजोबा मोरीत पडले. डोक्यात रक्ताची गाठ झाली होती. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. सेक्रेटरींनी परळच्या हॉस्पिटलात नेलं. मी बाबाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "निघतोच."

निघता येत नव्हतं. शपथेनंतर त्यानं इकडचा पासपोर्ट परत केला होता. इथलं मूळ असलेल्यांना एक कार्ड मिळतं, तो अर्ज टाकलेला होता, पण कार्ड अजून हातात आलं नव्हतं. म्हणजे व्हिसा हवा. चौदा तारखेला कागद घेऊन तो तिथल्या भारतीय वकिलातीत धावला, एक दाखला कमी पडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. "आई, आज आपलं ऑफिस बंद आहे. पंधरा ऑगस्ट. मग शनिवार-रविवार." तो 'आपलं ऑफिस' म्हणाला, हे माझ्या लक्षात राहिलं.

शनिवारी संध्याकाळी आजोबा जरा शुद्धीवर होते. "कुठंय तो?"

"येतोय. व्हिसा मिळाला की निघतोय."

"व्हिसा?" त्यांनी दोनदा म्हटलं. मग, "घरी यायला?"

मी चादर सारखी केली. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "फोन लाव."

तुमच्याकडे तेव्हा सकाळ होती. बाबा नुसता "बाबा, बाबा" करत होता. आजोबा बोलले, पण शब्द तोंडातच घोळत होते. "आई, काय म्हणतायत? मला कळत नाहीये." पुन्हा भाषांतर माझ्याकडेच आलं. मी त्यांच्या तोंडाशी कान नेला आणि ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. "विचारतायत, शपथ नीट घेतलीस ना? घेतलीस तर आता पाळ, म्हणतायत."

मग बाबा म्हणाला, "हो, बाबा. नीट घेतली."

आजोबांनी डोळे मिटले. मला वाटलं, निवळलं.

रविवारी दुपारी ते गेले. बाबासाठी त्यांना शवागारात ठेवावं, असं दोघा-तिघांनी सुचवलं. मी नको म्हटलं. व्हिसा कधी हातात पडेल ते कोणालाच सांगता येत नव्हतं, आणि त्यांना तिथे खणात ठेवायची कल्पनाच मला सोसेना. सोमवारी सकाळी अग्नी मीच दिला. सेक्रेटरींनी माझं कोपर धरलं होतं.

बाबा बुधवारी पोचला. टॅक्सीतून येताना त्यानं रस्ताभर कठड्यांवर चिकटलेले ओले झेंडे पाहिले. पाच दिवस झाले होते, कोणी काढले नव्हते. आमच्या तळमजल्यावरचा मात्र उतरवलेला होता. पंधरा तारखेलाच, संध्याकाळी. वरून ओरडायला कोणी नव्हतं, तरी.

बाराव्या-तेराव्याचं झालं. बाबा परत जायच्या आदल्या दिवशी आम्ही आजोबांचे सदरे काढून बसलो होतो. कुठले द्यायचे, कुठले ठेवायचे. एक सदरा हातात धरून बाबा म्हणाला, "आई, एक सांगायचंय. ते राजाचं वाक्य मी म्हटलंच नाही."

"म्हणजे?"

"नुसते ओठ हलवले. शेजारचा माणूस मोठ्यानं म्हणत होता, कोणाला कळलं नाही. तिथे उभा राहिलो आणि बाबांचे वडील आठवले. ती पाठ. तोंडातून शब्दच निघेना."

"मग त्या रविवारी का नाही बोललास?"

"काय बोलणार? म्हणाले असते, म्हणजे वर खोटी शपथ घेतलीस. ते त्यांना जास्त लागलं असतं."

मी विचार केला. खरं होतं. ते नेमकं तेच म्हणाले असते. मी सदरा त्याच्या हातातून घेतला आणि घडी घातली. बाह्या आत, कॉलर वर. बाबा म्हणाला, "आणि शेवटी मी त्यांना 'हो' म्हणालो."

ज्यांच्यासाठी तो त्या वाक्याला गप्प राहिला त्यांनीच शेवटी त्याला विचारलं की नीट म्हटलंस ना. हे मी तुम्हाला लिहावं का, असं बाबाला विचारलं होतं. तो म्हणाला, लिही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी झेंडा लावला नाही, कारण संध्याकाळी स्टुलावर चढून तो सोडवायला माझे गुडघे साथ देत नाहीत, आणि मला उतरवता येणार नाही तो मी लावत नाही. कोणाच्या रागामुळे नाही. तुम्ही तुमच्या घरी कुठला लावायचा, लावायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मला त्यातलं काही कळतं असं आता मी म्हणणार नाही. आणि आजोबांनी तुमच्याशी कट्टी घेतली नव्हती. आतल्या खोलीत ते जागे होते, आणि झोपलेत म्हणून सांगणारी मी होते.

मागच्या आठवड्यात बाबानं मला फोनवर विचारलं, "आई, ते वाक्य आता म्हटलं तर? बाबांना 'हो' म्हणालोय मी." कोणापुढे म्हणणार, मी विचारलं. तो म्हणाला, "कोणापुढे नाही. घरीच." मी म्हटलं, मला माहीत नाही रे. पुढे त्यानं ते म्हटलं की नाही, हे मी विचारलेलं नाही, आणि तुम्हीही विचारू नका. एखाद्या दिवशी तो खिडकीशी एकटाच उभा राहून इंग्रजीत काही बोलताना दिसला, तर टीव्हीचा आवाज तेवढा कमी करा.