नाल्याच्या गाळाची चूल

नातीला आकडी आली तेव्हा तिच्या मुठीत चुलीचं ढेकूळ होतं. ओठ निळे, डोळे वर फिरलेले. सून किंचाळत राहिली. मी लेकराला पदरात गुंडाळलं आणि भोकरदनहून येणारी एसटी रस्त्यात आडवी उभी राहून थांबवली.

जालन्याच्या दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, शिसं आहे. घराला कसला रंग देता? आम्ही रंग देत नव्हतो, सारवत होतो. नव्वद सालानंतर गावामागं जुन्या बॅटऱ्या वितळवायची भट्टी आली. तिचं पाणी नाल्यात यायचं. नाल्याचा काळा गाळ लोण्यासारखा मऊ. त्यानं लिंपलेली चूल तडकत नसे, मुंगीही फिरकत नसे. गल्लीतल्या सगळ्या बायका तोच आणायच्या. सुनेला डोहाळे लागले तेही चुलीच्या मातीचे. पोरगी रांगायला लागल्यापासून तीच चाटायची. पोटात जंत असतील, म्हणायचो आम्ही.

भावाची मुलगी जालन्यालाच कॉलेजात जंतूंचं शिकत होती. दवाखान्यात आमच्यासाठी भाकरी आणायची. ते ढेकूळ तिनं नेलं. काही दिवसांनी व्हरांड्यात म्हणाली, "आत्या, त्या ढेकळातले जंतू शिसं घातलेल्या बशीतबी वाढून राह्यलेत."

"मरत न्हाईत?"

"न्हाई. त्यांच्यात एक जनुक असतंय. शिसं आत शिरलं की त्या जनुकाच्या जोरावर जंतू त्याला पंपावानी बाहेर फेकतेत. अन् ते जनुक नुसतं लेकरांनाच देत न्हाईत, शेजारच्या जंतूलाबी देतेत. जात वेगळी असली तरी."

"आपल्या गल्लीत विरजण मागितलं तर तोंड वाकडं करतेत."

ती हसली नाही.

"मंग आपल्या पोरीला दे ते."

"माणसाला तसं देता येत न्हाई, आत्या."

त्याच दुपारी मी गावी आले. पोरगी परत येईल तेव्हा ती माती घरात नको, म्हणून चूल फोडली. टोपली भरली, पण टाकायची कुठं? विहिरीजवळ नको, शेतात नको. शेवटी पोत्यात भरून गोठ्यामागं ठेवली. अजून तिथंच आहे. दिवेलागणीला मी तिकडं जात नाही. पोत्यात जिवंत काहीतरी आहे, आणि ते वाढतं आहे.

नात दवाखान्यातच गेली. तीच माती खाऊन सून जगली. मी जगले.